आधी नाव सांगा

यमुनाबाईंच्या खानावळीत पाण्याचा तांब्या जेवणाऱ्यांच्या हाताशी नसे. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, त्यांच्या स्वतःच्या पायाशी असे. कोणाला ठसका लागला की त्या उठत, त्याच्यासमोर येऊन उकिडव्या बसत आणि तांब्या पाठीमागे धरून म्हणत, "आधी नाव सांगा."

नवख्या माणसाला वाटे, बाईंना नीट ऐकू आले नाही. तो खोकत खोकत पुन्हा पाणी मागे.

"देते ना पाणी. नाव सांगा भाऊ तुमचं."

डोळे लाल, नाकाला धार, समोर जर्मनच्या ताटात काळपट तांबडा रस्सा. अशा अवस्थेत माणसाने कसेबसे "देशमुख" किंवा "पांडुरंग" असे काही म्हटले की तांब्या पुढे येई. काही जण चिडून शिवी देत. शिवी स्पष्ट ऐकू आली तर तीही चाले. पाणी मिळे.

साओजी रस्सा खाताना ठसका लागणे ही काही दुर्घटना नव्हे. नागपुरात तो जेवणाचाच भाग धरतात. त्यामुळे हा प्रसंग रोज घडे, एकाच पंगतीत अनेकदा घडे. गिऱ्हाइकांना त्याची सवय झाली होती. यमुनाबाईंना झाली नव्हती. दरवेळी त्यांचा चेहरा हे पहिल्यांदाच घडत असल्यासारखा उतरे.

ही खानावळ गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. दुपारची पाळी सुरू होण्याआधी आम्ही तिघे-चौघे तिथे जेवायला जात असू. जेवणाची खोली ही मुळात मागाची खोली. विणकर ज्यात पाय सोडून बसतो तो जमिनीतला खड्डा बुजवलेला नव्हता. त्यावर फळ्या टाकून वर चटई अंथरली होती. त्या जागेवर बसले की फळी किंचित दबे. जुनी गिऱ्हाइके ती जागा टाळत, म्हणून नवख्याला हमखास तीच मिळे.

यमुनाबाई ठेंगण्या, हडकुळ्या. पांढुरके सुती लुगडे, रिकामे कपाळ. वाढून झाले की त्या उंबऱ्यावर बसत आणि जेवणाऱ्यांकडे पाहत. ताटाकडे नव्हे, गळ्याकडे. उजव्या हाताची दोन बोटे स्वतःच्या घाटीवर ठेवलेली असत. समोरच्याने घास गिळला की त्यांचाही गळा हले. नंतर हळूच विचारणा होई, "उतरला?"

"उतरला, बाई," असे म्हटल्याशिवाय त्या दुसऱ्याकडे वळत नसत.

गुलाबराव नावाचे मिलमधून निवृत्त झालेले गृहस्थ रोजचे गिऱ्हाईक होते. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता आणि त्याचे त्यांना दुःखही नव्हते. ते म्हणत, "बाई, पोलीस ठाण्यात बसल्यासारखं वाटते इथं. नाव विचारता, घास उतरला का विचारता. उद्या बापाचं नाव विचारसान, मग गाव."

"तुम्ही बोलू नका जेवताना," यमुनाबाई म्हणत. त्यांना विनोद कळत नसे असे नाही. घास तोंडात असताना कोणी हसलेले त्यांना सोसत नसे.

त्यांच्या मटणाची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. ते जिभेने दाबले तरी तुटत असे. इतर साओजी खानावळींत मटणाला चावायला काम लागते आणि खाणाऱ्याला ते आवडतेही. यमुनाबाईंकडे दातांना काम नसे. याचे रहस्य काही नव्हते. त्या ते उघड्या अंगणात, सगळ्यांदेखत करत.

कच्ची पपई हिरवीगार, टोचली की चीक गळेल अशी लागे. ती सालीसकट पाट्यावर वाटून मांसाला चोळत. मोमिनपुऱ्यातून जांभळाचा सिरका येई. तो मांडीच्या राठ मांसाला. कोवळ्या मांसाला संत्र्याचा रस पुरे. त्यासाठी काटोलकडून येणारा एक माणूस बागेत गळून पडलेली हिरवी, आंबट संत्री पोत्यात भरून आणून टाके. बाजारात त्यांना कोणी विचारत नसे. मांस कोणत्या जातीचे आहे हे त्या तुकडा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबून ठरवत.

"खाटकाले वय विचारून काय फायदा?" त्या म्हणत. "तो तं सगळ्याच बोकडाले कालचं पोट्टं म्हणते."

पण यातला प्रत्येक उपाय त्यांच्यासाठी एक नवी काळजी होता. पपई कमी पडली तर तुकडा राठ राहील. राठ तुकडा माणूस नीट चावत नाही, तसाच गिळतो. पपई जास्त झाली किंवा जास्त वेळ राहिली तर मांसाचा लगदा होतो आणि गिऱ्हाईक तुटते. सिरका जास्त झाला तर वरून आकसते, आत पिठूळ होते. त्या दर थोड्या वेळाने झाकण उचलत, एक तुकडा दाबून पाहत, झाकण ठेवत, पुन्हा उचलत. त्यांची मुलगी सुमन तेव्हा मॅट्रिक होऊन घरी होती. ती कांदा चिरता चिरता म्हणे, "आई, त्याले झोपू तं दे."

आणि आंबट म्हटले की भांडे आले. पितळेच्या गंजाची, म्हणजे मोठ्या पातेल्याची, कल्हई उडालेली असेल तर आंबट पदार्थ कळकतो, हिरवा पडून विषारी होतो, ही गोष्ट घरोघरी माहीत असते. यमुनाबाईंना ती विसरता येत नसे. कल्हईवाल्याला त्या अंगणातच भट्टी लावायला सांगत आणि तो फुंकणी मारत असताना समोर उभ्या राहत. मग भांडे उन्हात तिरपे धरून, आत डोके घालून पाहत. तो वैतागून म्हणे, "माय, तुले भांडं पाह्यजे का आरसा?"

"काना-कोपऱ्यात पुन्हा एक हात मार गा," त्या म्हणत.

एकदा पपई खरोखर जास्त वेळ राहिली. सुमनला ताप होता आणि यमुनाबाईंचे लक्ष दोन ठिकाणी झाले. त्या दिवशी ताटात मांस आणि रस्सा वेगळे ओळखू येत नव्हते. फळीवर बसलेल्या एका दांडग्या गिऱ्हाइकाने बोट बुडवून विचारले, "बाई, मटन दिलं का लापशी?" तो गेला आणि त्याने चौकात खानावळीला नाव ठेवले, "बोळक्यांची खानावळ". थट्टा गावभर झाली. परिणाम मात्र उलटा झाला. महिन्याभरात शहरातले दात गेलेले, जाणारे, कवळ्या न मानवलेले म्हातारे तिथे येऊ लागले. कामठीहून एक जण बसने येत असे. गुलाबराव त्यांचे स्वागत यजमानासारखे करत. "या, या. दात बाहेर ठेवले ना? इथं चपला आन् दात दोन्ही बाहेर."

धंदा वाढला, तशी यमुनाबाईंची झोप कमी झाली. म्हाताऱ्या माणसाला गिळायला त्रास होतो हे त्यांना माहीत होते. आता समोर तशीच रांग बसलेली असे.

यमुनाबाईंच्या नवऱ्याची, वामनरावांची, हकीकत मला गुलाबरावांनी सांगितली. यमुनाबाईंनी नवऱ्याचे नाव कधी घेतले नाही. जुन्या वळणाच्या बाया घेत नसत. त्या 'सुमनचे बाबा' म्हणत. वामनराव विणकर होते. घाईचे काम असले की मागावरच बसून जेवत. एका दुपारी पाय खड्ड्यात, ताट मांडीवर, शेजारी गुलाबराव गप्पा मारायला आलेले. कशावरून तरी दोघे हसले. मटणाचा तुकडा वामनरावांच्या गळ्यात अडकला. ते उठू शकले नाहीत, कारण पाय खाली होते. यमुनाबाई आतून धावत आल्या आणि त्यांनी पाण्याचा पेला त्यांच्या ओठाला लावला. डॉक्टर येईपर्यंत सगळे संपले होते. मटण यमुनाबाईंनी केलेले होते. पुढे माग विकला गेला. हातात एकच विद्या होती, त्यामुळे त्यांनी खानावळ काढली.

म्हणजे ज्या गोष्टीने माणूस गेला, तीच गोष्ट त्या रोज शंभर तोंडांत घालत होत्या. याबद्दल त्या माझ्यासमोर एकदाच बोलल्या. आमच्याकडचा एक तरुण वार्ताहर जोरात ठसकला होता. त्याला नाव सांगायला उशीर झाला, तेव्हा त्यांनी त्याला पुढे वाकवून पाठीवर असे फटके मारले की त्याचा चष्मा रश्श्यात पडला. तो तिखटाचा साधा ठसका होता. पोरगा रागावून निघून गेला. यमुनाबाईंनी त्या दिवशी चूल विझवली आणि बाकीच्यांना घरी जायला सांगितले. मी हात धुवत होतो. माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "मी पाणी देलं होतं सुमनच्या बाबाइले. पाणी द्यायले नव्हतं पाह्यजे. आधी बोलू द्यायचं होतं. बोलता आलं, तं गळा मोकळा."

सुमनचे लग्न कन्हानच्या एका घरी ठरले. मुलगा तिथल्या कोळसा खाणीत कारकून होता. त्याचे वडील गमत्या स्वभावाचे, पण मानपानाला पक्के. बोलणी चालली असतानाच ते म्हणाले होते, "विहीणबाई, आमच्याकडे सगळ्याइचे दात शाबूत आहेत. आमाले जरा चावाले ठेवजा." सगळे हसले. यमुनाबाईंनी त्यांच्या घाटीकडे पाहिले.

लग्न झाल्यावर चार-पाच दिवसांनी सुमन माहेरी आली आणि तिला न्यायला व्याह्यांकडची मंडळी जेवायला येणार होती. माणसे पुष्कळ, तेव्हा अंगणात चुलीसाठी दोन चर खणले. घरातली भांडी पुरणारी नव्हती. यमुनाबाईंचे दीर नामदेव यांनी मांडववाल्याकडून दोन मोठे पितळी गंज आणले.

"कल्हई?" यमुनाबाईंनी विचारले.

"ताजी आहे म्हणते, वहिनी."

"म्हणते का आहे?"

"आता मी काय आत बसून पाहू?"

त्यांनी दोन्ही गंज उन्हात आणवले. ऊन नुकतेच वर येत होते. त्यांनी आत डोके घालून पाहिले, हात फिरवून पाहिले आणि मान हलवली. मांस राठ होते, मोठ्या बोकडाचे. त्यांनी पपई चोळली आणि मग सिरका घातला. गुलाबराव आणि मी वाढायला मदत करायची म्हणून सकाळीच गेलो होतो. यमुनाबाई गंजाभोवती फिरत होत्या. झाकण उचलणे, दाबून पाहणे, झाकण ठेवणे. सुमनच्या हातांवरची हळद अजून पुरती गेली नव्हती. हिरव्या बांगड्या वाजवत ती पाने पुसत होती.

चुली पेटवायची वेळ झाली तेव्हा यमुनाबाईंनी पहिल्या गंजातले मांस पातेल्यात काढायला घेतले. तळाशी पोचल्यावर त्या थांबल्या. एक तुकडा त्यांनी उचलला, उन्हात नेला, उलटसुलट केला.

"भाऊजी, हे पाहा."

नामदेवांनी पाहिले. "काय पाहू?"

"हिरवट आहे."

"हळद लागली आहे त्याले. सिरक्यात हळद तशीच दिसते."

"हळद घातली नाई म्या अजून."

"मंग पपईचा रंग असन. वहिनी, आता नको सुरू करू."

त्यांनी तो तुकडा गुलाबरावांना दाखवला, मग मला. कडेला किंचित निळसर-हिरवी झाक आहे असे म्हणता आले असते. नाही असेही म्हणता आले असते. सगळी माणसे आता अंगणात जमली होती. गंजाच्या तळाला तळहाताएवढी जागा पिवळी दिसत होती. तिथे आधीपासूनच कल्हई नव्हती की सकाळपासून खालीवर करताना कलथ्याने ती खरवडली गेली, हे तेव्हा ठरवता आले नाही आणि नंतरही नाही.

यमुनाबाई म्हणाल्या, "हे मी वाढत नाई."

नामदेवांनी कपाळाला हात लावला. सकाळपासून खालीवर करताना दोन्ही गंजांतले मांस एकमेकांत मिसळले होते, म्हणजे सगळेच जाणार होते. एवढे मटण त्या वेळी बाजारात मिळणे शक्य नव्हते. व्याह्यांच्या पहिल्या जेवणाला मटण नाही, म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते. सर्वांत जास्त सुमनला.

ती पुढे आली. "आई, आज नको ना वं. तुले रोजच काही ना काही दिसते. रोज कोणी मरते का?"

यमुनाबाईंनी तुकडा पुन्हा उन्हात धरला.

"मले त्या घरी राहाचं आहे," सुमन म्हणाली. तिचा आवाज चढला. "सगळं जग मरत नाई, आई. एक माणूस मेला होता."

यमुनाबाईंनी हातातला तुकडा खाली ठेवला.

"एकच होता वं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पातेले उचलून न पेटवलेल्या चरात उपडे केले. दुसरा, भरलेला गंज त्यांना एकटीने उचलत नव्हता. त्यांनी नामदेवांकडे पाहिले, ते आले नाहीत. शेवटी गुलाबराव गेले. जाताना पुटपुटले, "पहिल्यांदाच माणसाच्या आधी मटणाची माती होऊन राहिली." कोणी हसले नाही. दोघांनी मिळून गंज कलंडवला आणि वर माती ओढली.

मंडळी आली तेव्हा दुसऱ्या चरावर पाटोडीचा रस्सा उकळत होता. बेसनाच्या वड्या, त्याच मसाल्यात. पाटोडी मऊ असते. तिच्यात अडकण्यासारखे काही नसते. यमुनाबाईंनी व्याह्यांना कारण सरळ सांगितले. भांडे खराब निघाले, मांस कळकले होते, वाढले नाही. व्याह्यांनी नामदेवांकडे पाहिले. नामदेवांनी नजर खाली घातली. तेवढ्यावरून व्याह्यांनी ओळखले, हे घरच्यांनाच पटलेले नाही.

"दात घेऊन आलो होतो, विहीणबाई," हात धुताना ते म्हणाले. "तसेच वापस चालले."

पहिल्या दिवाळीला त्यांनी सुमनला माहेरी पाठवले नाही. दुसऱ्याही नाही.

त्या मटणाचे काय झाले, याच्या दोन हकिकती गल्लीत फिरत होत्या. एक अशी की रात्रीतून कुत्र्यांनी चर उकरला, पोटभर खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी सगळी उन्हात मजेत पसरली होती. दुसरी अशी की एक कुत्रे नळाजवळ ओकत होते. मी दोन्हीकडे चौकशी केली. पहिली हकीकत सांगणारे पुष्कळ होते. दुसरी सांगणारी एकच, समोरच्या घरातली म्हातारी, आणि तिला मोतीबिंदू होता. वर्तमानपत्रात आम्ही अशा वेळी 'या वृत्तास दुजोरा मिळू शकला नाही' असे लिहितो. यमुनाबाईंना मी पहिली हकीकत सांगितली नाही. दुसऱ्या कोणीतरी सांगितली. त्या म्हणाल्या, "कुत्र्याचं पोट येगळं, भाऊ," आणि कोणाच्या तरी गळ्याकडे पाहू लागल्या.

खानावळ त्यानंतरही पुष्कळ चालली. स्टीलची भांडी बाजारात स्वस्त झाली तशी त्यांनी एकेक करून पितळ मोडीत काढले. कल्हईची काळजी गेली. तिच्या जागी दुसरी आली. कन्हानहून कोणी आले की त्या विचारत, सुमन काय खाते, मटण कोण करते तिकडे, पपई घालतात का. व्याही वारले तेव्हा यमुनाबाईंचा पहिला प्रश्न होता, "कशानं?" छातीच्या दुखण्याने, असे कळल्यावर त्या भिंतीला टेकल्या. त्यानंतर सुमनचे येणेजाणे सुरू झाले. काही वर्षांनी गुलाबरावही गेले, झोपेत, आणि त्याही वेळी यमुनाबाईंनी तेच विचारले.

ऐंशीच्या दशकात मी एका बातमीसाठी कन्हानला गेलो होतो. बाजारात सुमनच्या नवऱ्याने मला ओळखले आणि जेवायला ओढून नेले. यमुनाबाई तेव्हा तिथेच राहत होत्या. गोळीबार चौकातली जागा सुटली होती. त्या ओट्यावर बाजेवर बसलेल्या, आणखी आकसलेल्या, तोंडाचे बोळके झालेले. मी पाया पडलो. त्यांनी मला ओळखले की नाही ते सांगता येत नाही. त्या माझ्या कॉलरच्या वर, गळ्याकडे पाहत होत्या.

सुमनने मटण केले होते. तिच्या अंगणात पपईचे झाड होते आणि स्वयंपाकघराच्या फळीवर सिरक्याची बाटली. तुकडा जिभेने तुटला. आईसाठी तिने भाकरी रश्श्यात कुस्करून, मांस बोटांनी मोडून वाटी दिली आणि ती चुलीकडे वळली. पाण्याचा पेला ती सोबत घेऊन गेली होती.

यमुनाबाईंना ठसका लागला. साधाच असावा, पण थांबेना. चेहरा तांबडा झाला, हात हवेत गेला. जावई अर्धवट उठला. "अवं, पाणी आण ना!"

सुमन आली. पेला हातात होता. ती बाजेसमोर उकिडवी बसली आणि तिने पेला पाठीमागे नेला.

"नाव सांग, आई."

"अवं दे ना पाणी तिले!"

"थांबा तुम्ही." तिची नजर आईच्या घाटीवर होती. "आई, नाव सांग."

दोन उबळींच्या मधून आवाज आला. आधी नुसता श्वास, मग अक्षरे. "वामन," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, नीट, "वामनराव."

ते नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो. सुमननेही पहिल्यांदाच ऐकले असावे. ती पेला तसाच धरून बसली. खोकला थांबला होता. शेवटी यमुनाबाईंनीच हात पुढे केला आणि पेला तिच्याकडून काढून घेतला. पाणी त्या सावकाश, घोट घोट करून प्याल्या. प्रत्येक घोटाला सुमनचा गळा हलत होता.